पहिला कॅमेरा आणि त्याचें भिंग



गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. निफाड तालुक्यांत त्याचा द्राक्षांचा मळा आहे. शाळेंत असतांना तो गणितांत कच्चा होता; परंतु खिडकीबाहेरच्या बाभळीवर कोणतें पांखरूं येऊन बसलें हें वर्गांत सर्वांच्या आधीं त्याला कळत असे, व त्यासाठीं माझ्या हातची छडीही त्यानें एकदोनदां खाल्ली होती. चहा झाल्यावर थोडें अवघडून तो म्हणाला, "गुरुजी, एक लाख रुपये बाजूला टाकले आहेत. घरांत अजून कोणाला सांगितलेलें नाहीं. पांखरांचे, जनावरांचे फोटो काढायचे आहेत. पहिला कॅमेरा कोणता घेऊं, तेवढें सांगा."

एका शब्दांत उत्तर द्यावें असा हा प्रश्न नव्हे. मी जुना मॅट्रिक, पदवीधर नव्हे. प्रकाशशास्त्राचें माझें ज्ञान शाळेंतील पुस्तकापुरतें. तरी या एका विषयांत मीं पदरचे पैसे देऊन शिक्षण घेतलें आहे, आणि त्याची फी कांहीं थोडी नव्हती. यास्तव त्याला जें सांगितलें तेंच आज आपणांपुढें जरा विस्तारानें मांडतों.

प्रथम माझी चूक सांगतों. २०१८ सालीं मी सेवानिवृत्त झालों. हातीं एकरकमी पैसा आला. आमच्यापासून जवळच नांदूरमध्यमेश्वर आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानींत बंधारा झाला, त्याच्या मागें गाळ सांचून उथळ पाण्याचा व पाणवनस्पतींचा विस्तीर्ण प्रदेश तयार झाला आणि तेथें हिवाळ्यांत हजारों पक्षी उतरूं लागले. १९८६ सालीं हें अभयारण्य जाहीर झालें. पुढें महाराष्ट्रांतील पहिलें रामसर पाणथळ स्थळ होण्याचा मानही त्यालाच मिळाला. असें ठिकाण दाराशीं असून आयुष्यभर मीं तें ओझरतेंच पाहिलें होतें. आतां वेळ होता. मनांत आलें, कॅमेरा घ्यावा.

जिल्ह्याच्या गांवीं एका दुकानांत गेलों. कोणतें दुकान, हें सांगण्याचें कारण नाहीं. दुकानदार मोठा आर्जवी होता. त्यानें विचारलें, "गुरुजी, किती मेगापिक्सेल पाहिजेत?" मेगापिक्सेल म्हणजे काय हें मला ठाऊक नव्हतें, पण गुरुजींना ठाऊक नाहीं असें दिसूं नये म्हणून मीं म्हटलें, "पुष्कळ!" त्यानें पुष्कळ मेगापिक्सेलांचा एक नवा कोरा कॅमेरा, दोन लहान भिंगें, एक पिशवी व एक डगमगणारी तिपाई माझ्या स्वाधीन केली. भिंगांपैकीं एक १८ ते ५५ मिलिमीटरचें व दुसरें ५५ ते २०० मिलिमीटरचें. पिशवी आणि तिपाई फुकट होती. फुकट मिळालेल्या वस्तूंचा मला इतका आनंद झाला कीं, विकत घेतलेल्या वस्तूंकडे पाहण्याचें भानच राहिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहांटे पाण्यावर गेलों. समोर वाळलेल्या काठीवर छोटा खंड्या बसला होता. निळ्या रत्नासारखें तें पांखरूं पाहून हात थरथरूं लागले. पन्नास चित्रें घेतलीं. घरीं येऊन संगणकाच्या पडद्यावर तीं पत्नीला दाखविलीं. तिनें चष्मा पुसला, पुन्हां लावला, आणि विचारलें, "अहो, ह्यांत पक्षी कुठला नि काठी कुठली?"

त्या रात्रीं मीं पाटी घेऊन त्रैराशिक मांडलें. जें दुकानांत जाण्यापूर्वीं मांडावयास हवें होतें तें आतां मांडलें. हिशेब अगदीं सोपा आहे. भिंगाची फोकल लेंग्थ, म्हणजे शाळेंत आम्ही जिला नाभीय अंतर म्हणत असूं ती, पक्ष्याच्या लांबीनें गुणावी व पक्ष्याच्या आपल्यापासूनच्या अंतरानें भागावी. म्हणजे कॅमेऱ्याच्या आंतील पडद्यावर पक्ष्याची प्रतिमा केवढी पडेल तें निघतें. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारें १७ सेंटिमीटर. तो माझ्यापासून १५ मीटरांवर होता. भिंग २०० मिलिमीटरचें. उत्तर आलें, सव्वादोन मिलिमीटर. कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पट्टी साडेतेवीस मिलिमीटर रुंद. तिचा जेमतेम दहावा भाग माझ्या खंड्यानें व्यापला होता. बाकीच्या नऊ भागांत मीं गोदावरीचें पाणी टिपलें होतें. तेथेंच ५०० मिलिमीटरचें भिंग असतें तर प्रतिमा साडेपांच मिलिमीटरांहून मोठी, म्हणजे रुंदीच्या जवळजवळ चतुर्थांश, झाली असती. पक्ष्याच्या डोळ्यांतील चमक, पिसांची घडी हें सारें त्या फरकांत असतें.

म्हणून माझ्या विद्यार्थ्याला मीं पहिली गोष्ट ही सांगितली कीं, तूं कॅमेरा घ्यावयास निघालाच नाहींस. तूं भिंग घ्यावयास निघाला आहेस. लाखांतले दोन तृतीयांश त्याच्यासाठीं ठेव, आणि उरतील त्यांत मिळेल तें यंत्र त्याच्या मागें जोड. लोक याच्या बरोबर उलट करतात. यंत्र दर दोनचार वर्षांनीं जुनें होतें. चांगलें भिंग वीस वर्षें टिकतें.

लांब भिंग हवें याचें दुसरें कारण आहे, आणि तें सांगणें मला जड जातें.

आखूड भिंगावर मीं पैसे घातलेच होते, तेव्हां मीं असें ठरविलें कीं, भिंग पुढें जात नसेल तर आपण पुढें जावें. २०१९ च्या एप्रिलांत गांवाबाहेरच्या माळावर टिटवीचें घरटें सांपडलें. घरटें कसलें, चार खडे बाजूला सारून केलेला खळगा. त्यांत मातीच्या रंगाचीं, काळ्या ठिपक्यांचीं चार अंडीं. मी आडवा पडून सरकत सरकत सात-आठ मीटरांवर जाऊन थांबलों. टिटवी उठली. माझ्या डोक्यावर घिरट्या घालून तिनें आकांत मांडला. मला वाटलें, थोड्या वेळानें संवय होईल, मग ती येऊन बसेल व मला चित्र मिळेल. पाऊण तास मी तेथें होतों. माथ्यावर ऊन होतें. टिटवी उन्हाळ्यांत अंडीं उबविते त्यापेक्षां त्यांवर सावली धरते, पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून आणून त्यांना गारवा देते, हें मीं तेव्हां वाचलेलें नव्हतें. शेवटीं ती आली नाहीं म्हणून मी उठलों. जवळच्या निंबावर दोन कावळे बसलेले होते. त्यांच्याकडे मीं पाहिलें, पण त्यांचा अर्थ मला कळला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गेलों तेव्हां खळग्यांत कवचाचे दोन तुकडे होते. माळावर टिटवी कोठेंच नव्हती.

अडतीस वर्षें मुलांना "प्राणिमात्रांवर दया करा" असें फळ्यावर लिहून देणाऱ्या मनुष्याच्या हातून हें झालें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकारीची जी व्याख्या आहे तींत रानपांखरांच्या घरट्यांस व अंड्यांस उपद्रव देणें याचाही समावेश आहे, हें मला मागाहून कळलें. तीं चार चित्रें माझ्याजवळ अजून आहेत. आकाशांत ओरडणारी टिटवी त्यांत फार स्पष्ट आली आहे.

तेव्हां किती लांब भिंग घ्यावें, हा केवळ चित्राच्या सौंदर्याचा प्रश्न नव्हे. पक्षी जेथें निर्धास्तपणें चरत असेल तेथून आपणांस टिपतां आला पाहिजे, एवढें तें लांब हवें. माझ्या अनुभवानें पक्ष्यांसाठीं ४०० मिलिमीटर ही खालची मर्यादा. ५०० किंवा ६०० असेल तर उत्तम. हरिण, काळवीट, गवा अशा मोठ्या जनावरांना ३०० पुरतें, आणि ताडोबासारख्या ठिकाणीं मोटारींतून वाघ पाहावयाचा तर तो पुष्कळदां इतक्या जवळून जातो कीं लांब भिंगांत त्याचें डोकेंच मावतें. परंतु आमच्या विद्यार्थ्याला रोज वाघ भेटणार नाहीं, रोज पाणकोंबडी भेटणार आहे.

आतां मग सर्वांनींच मोठें भिंग कां घेऊं नये? येथें वजन आणि पैसा आडवे येतात, आणि त्यांचें कारण समजून घेण्यासारखें आहे. भिंगावर एफ ४, एफ ५.६, एफ ६.३ असे आंकडे असतात. नाभीय अंतराला या आंकड्यानें भागलें म्हणजे प्रकाश आंत येण्याचें दार किती रुंद तें कळतें. ५०० मिलिमीटरला ५.६ नें भागा. ८९ मिलिमीटर येतील. तेंच एफ ४ असेल तर १२५. आंकडा लहान, पण दार मोठें, हा उलटा न्याय आरंभीं घोटाळ्यांत टाकतो. एफ ४ मधून एफ ५.६ च्या दुप्पट उजेड येतो; पण एवढ्या मोठ्या व्यासाच्या निर्दोष कांचा घासावयाच्या म्हणजे किंमत कैक पटींनीं चढते, आणि खांद्याचीही परीक्षा होते. अशीं भिंगें ज्यांना परवडतात ते माझें भाषण ऐकत बसणार नाहींत. आपण एफ ५.६ किंवा ६.३ वर समाधान मानावें, व त्याची किंमत दुसरीकडे द्यावी. ती किंमत अशी कीं, सूर्य वर येईपर्यंत व मावळतीच्या वेळीं यंत्राची प्रकाशसंवेदना, ज्याला आयएसओ म्हणतात, वाढवून ठेवावी लागते आणि चित्रावर वाळू शिंपडल्यासारखे कण येतात. मला त्या कणांचा त्रास वाटत नाहीं. हललेल्या चित्राचा वाटतो.

हलण्याविषयीं एक ठोकळ नियम आहे. जेवढे मिलिमीटर तेवढ्यावा सेकंदाचा भाग, याहून अधिक वेळ झांप उघडी ठेवूं नये. आणि लहान पट्टीचा कॅमेरा असेल तर त्या आंकड्याची दीडपट करावी. म्हणजे ५०० च्या भिंगाला सेकंदाचा साडेसातशेंवा भाग. हल्लींच्या भिंगांत हाताचा कंप शोषून घेणारी योजना असते, तिच्यामुळें यांत पुष्कळ सवलत मिळते. पण ती आपला हात स्थिर करते, पक्ष्याला स्थिर करीत नाहीं. उडत्या कुरीला सेकंदाचा दोन हजारावा भागच लागतो.

आतां यंत्राकडे वळूं. ज्याला एसएलआर म्हणतात त्याचा अर्थ एकभिंगी आरशाचा कॅमेरा. जुन्या पेटी-कॅमेऱ्यांत डोळा एका खिडकींतून पाही व चित्र दुसऱ्या भिंगांतून निघे. त्यामुळें दिसे एक आणि येई एक. या जातींत भिंगांतून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसविलेल्या आरशावर आपटून वर जातो, वरच्या पंचकोनी लोलकांत फिरतो व सुलट होऊन डोळ्यांत शिरतो. कळ दाबली कीं आरसा टपकन् वर उचलला जातो, झांप उघडते, प्रकाश मागच्या पट्टीवर पडतो, आणि आरसा पुन्हां खालीं येतो. तो 'खट्' आवाज याच आरशाचा व झांपेचा. पट्टीवर पडणार तेंच डोळ्याला आधीं दिसतें, म्हणून वन्य प्राण्यांच्या चित्रकारांनीं ही जात पत्करली.

त्या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यांतून कांहीं प्रकाश मागच्या छोट्या आरशावर जाऊन यंत्राच्या तळाशीं उतरतो, आणि तेथें पक्षी किती दूर आहे याचा निर्णय होऊन भिंग आपोआप साधलें जातें. हा निर्णय भिंगाच्या दोन विरुद्ध कडांकडून आलेले किरण ताडून केला जातो. म्हणूनच भिंगाचें दार फार अरुंद झालें कीं ते किरण तळापर्यंत पोहोंचत नाहींत व यंत्र आंधळ्यासारखें पुढें-मागें चांचपडूं लागतें. पुष्कळ साध्या यंत्रांची ही मर्यादा एफ ५.६ इतकी असते. दुकानदार सांगतात, "साहेब, १.४ पटीचें जोडभिंग लावा, ५०० चे ७०० होतील." होतात, पण एफ ५.६ चे एफ ८ होतात. मग कांहीं यंत्रांत केवळ मधला एकच बिंदू काम करतो, कांहींत तोही नाहीं. पहिल्या खरेदींत जोडभिंग मुळींच घेऊं नये.

मग मेगापिक्सेलांचें काय? वीस ते चोवीस असले कीं झालें. त्याहून महत्त्वाची गोष्ट पट्टीच्या आकाराची. मोठी पट्टी ३६ मिलिमीटर रुंद. लहान सुमारें साडेतेवीस किंवा त्याहून किंचित कमी. मोठी अधिक प्रतिष्ठित समजली जाते. पण आपल्या खंड्याचा हिशेब पुन्हां मांडा. ५०० च्या भिंगानें त्याची प्रतिमा दोन्हींवर तितकीच, साडेपांच मिलिमीटरांच्या वर. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे रुंदीला सहा हजार बिंदू. ते लहान पट्टीवर दाट बसलेले, मोठीवर विरळ. म्हणून लहान पट्टीवर खंड्याच्या वाट्याला सुमारें साडेचौदाशें बिंदू येतात, मोठीवर साडेनऊशेंच. ज्याचें भिंग नेहमीं अपुरें पडणार आहे, म्हणजे आपल्यासारख्या प्रत्येकाचें, त्यानें लहान पट्टीच पत्करावी. पैसेही वांचतात.

एवढें झाल्यावर विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, नांव सांगा." नांवें सांगतों, पण तीं सोयीसाठीं, माझा कोणत्याही कारखान्याशीं संबंध नाहीं. मी स्वतः आज वापरतों तें यंत्र निकॉनचें डी ७२००, २०१५ सालचें, चोवीस मेगापिक्सेलांचें. आणि भिंग त्याच कारखान्याचें २०० ते ५००, सर्वत्र एफ ५.६. दोन्ही मीं वापरलेलीं घेतलीं. दोहोंचें वजन मिळून तीन किलोच्या वर भरतें, हें आधींच सांगून ठेवतों. अधिक वेगाचें यंत्र हवें तर २०१६ चें डी ५००. तें सेकंदाला दहा चित्रें घेतें. कॅननच्या बाजूस २०१४ चें ७ डी मार्क दोन, तेंही दहाच घेतें. त्याला जोडीस १०० ते ४०० चें दुसऱ्या आवृत्तीचें भिंग फार सुरेख; परंतु त्याची किंमत ऐकून घरीं सांगण्याचें धाडस होणार नाहीं. त्याऐवजीं कॅननचेंच १९९३ पासूनचें ४०० मिलिमीटर, एफ ५.६ पाहावें. त्यांत कंप शोषण्याची योजना नाहीं, पुढें-मागें होणें नाहीं. पण सव्वा किलो वजन, आणि उडत्या पक्ष्यावर तें झडप घातल्यासारखें साधतें. सिग्मा व टॅम्रॉन यांचीं १५० ते ६०० चीं भिंगेंही पुष्कळ लोक समाधानानें वापरतात.

एक सावधगिरी मात्र सांगतों. वर सांगितलेलें २०० ते ५०० चें भिंग आपलें प्रकाशद्वार विजेनें हलवितें. डी ९० वा डी ३००० सारख्या जुन्या यंत्रांना ती भाषा समजत नाहीं. भिंग त्यांवर बसतें, पण द्वार लहानमोठें करतां येत नाहीं. स्वस्तांत मिळालें म्हणून जुनें यंत्र व नवें भिंग यांचें लग्न लावण्यापूर्वीं पत्रिका पाहावी.

वापरलेलें घ्यावें असें मी म्हणतों, तें नाइलाजानें नव्हे. मोठ्या कारखान्यांचें लक्ष आतां आरसा नसलेल्या यंत्रांकडे गेलें आहे. कॅनन आणि निकॉन यांचीं आरशाचीं शेवटचीं मोठीं यंत्रें २०२० मध्यें बाहेर पडलीं. नव्या जातीचीं यंत्रें पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्याला चिकटून राहतात, आवाज न करतां चित्र घेतात. तीं अधिक चांगलीं आहेत हें मी मान्य करतों. परंतु ज्यांना तीं परवडलीं त्यांनीं आपलीं आरशाचीं यंत्रें विकावयास काढलीं, आणि त्यामुळेंच माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावर राहणाऱ्याच्या हातीं तीं आलीं. डी ७२०० ची विद्युत्-घटी एकदां भारली कीं अकराशें चित्रांपर्यंत पुरते, हेंही खेड्यांतल्या विजेचा भरंवसा पाहतां लहान सुख नव्हे. शिवाय उद्यां नवें यंत्र घेतलेंच, तर यांतलीं बहुतेक भिंगें त्याच कारखान्याचें जोडकडें बसवून त्यावर चालतात.

वापरलेली वस्तु पाहून घेतांना लाज धरूं नये. माझें पहिलें लांब भिंग मीं दुसऱ्या शहरांतून, एका गृहस्थाच्या शब्दावर, न पाहतां मागविलें होतें. तें आलें, बाहेरून आरशासारखें स्वच्छ. आंतून विजेरीचा झोत सोडून पाहिलें तेव्हां कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. गृहस्थांनीं मग फोन उचलला नाहीं. तेव्हांपासून विजेरी खिशांत ठेवतों. भिंगाच्या एका टोंकाकडून झोत टाकून दुसऱ्या टोंकाकडून पाहावें. भिंग यंत्रास लावून जवळच्या व लगेच दूरच्या वस्तूवर साधून पाहावें. मोटार कुरकुरते का, ऐकावें. एफ १६ वर निळ्या आकाशाचें एक चित्र घ्यावें; पट्टीवरची धूळ त्यांत काळ्या डागांनीं उमटते. झांप किती वेळां उघडली याचा आंकडा बहुतेक चित्रांच्या संचिकेंत नोंदलेला असतो. डी ७२०० ची झांप दीड लक्ष वेळां उघडझांप करून तपासलेली आहे. तीस-चाळीस हजार झाले असतील तर घाबरण्याचें कारण नाहीं.

तिपाईची गरज मला फारशी वाटली नाहीं. मोटारींत व होडींत ती उघडतां येत नाहीं, आणि बांधावर ती उभी करीपर्यंत पांखरूं पुढच्या गांवीं गेलेलें असतें. त्यापेक्षां पत्नीनें माझ्या जुन्या विजारीच्या पायाची एक थैली शिवून दिली, तींत दोन किलो बाजरी भरली. दगडावर, गाडीच्या काठावर, बांधावर ती ठेवावी व वर भिंग टेकावें; यासारखा आधार नाहीं. पहिल्या पावसाळ्यांत त्या बाजरीला टोके लागले, तेव्हांपासून ती दर जूनला बदलतों. पावसाळ्याचें निघालें म्हणून सांगतों: हवेंतल्या दमटपणानेंच ती बुरशी होते. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून यंत्र त्यांत ठेवावें, पुड्यांचा रंग बदलला कीं त्या तापवून पुन्हां कोरड्या कराव्या. कातड्याच्या सुंदर पिशवींत महिनोन् महिने ठेवूं नये.

आमच्याहून कितीतरी कठीण काळीं हें काम झालेलें आहे. संयुक्त प्रांतांतील एक वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं रानवाटेवर तार लावून ठेवावी, रात्रीं वाघाच्याच पावलानें ती ओढली जावी, उजेडाचा भडका उडावा आणि चित्र निघावें, अशा रीतीनें वाघांचीं चित्रें मिळविलीं. त्यांचें त्या विषयावरचें पुस्तक १९२७ सालीं निघालें. आयएसओ वाढविण्याची सोय त्यांना नव्हती.

अभयारण्यांत छायाचित्रें घेण्यासाठीं त्याच १९७२ च्या कायद्यान्वयें परवानगीची तरतूद आहे, तेव्हां प्रवेशाच्या ठिकाणीं कॅमेऱ्याचें शुल्क व नियम विचारून घ्यावे. वाटाड्या बरोबर घ्यावा. नांदूरमध्यमेश्वरला स्थानिक मुलें हें काम फार चांगलें करतात. जांभळी पाणकोंबडी व कमळपक्षी कोणत्या वेळीं कोणत्या बाजूला असतील हें त्यांना माझ्या पुस्तकांहून अधिक ठाऊक आहे.

विद्यार्थ्याला मीं लगेच खरेदी करूं दिली नाहीं. पुढच्या रविवारीं पहांटे त्याला बांधावर बोलाविलें, माझें तीन किलोंचें ओझें त्याच्या हातीं दिलें व म्हटलें, आज दिवसभर हें वाग. दहा वाजेपर्यंत त्याचा दंड भरून आला. पण चित्रबलाकांचा एक थवा पाण्यावर उतरतांना त्यानें जीं चित्रें घेतलीं त्यांत एकाच्या पंखांतून सूर्य दिसतो आहे. मला सहा वर्षांत असें चित्र मिळालेलें नाहीं. परत येतांना त्यानें विचारलें, "गुरुजी, तुमच्या हिशेबानें दहाएक हजार उरतात. त्यांचें काय घेऊं?"

मीं म्हटलें, "आठ-बेचाळीसची दुर्बीण. आणि ती आधीं घे."

ती त्यानें घेतली. घरीं सांगून घेतली, असें तो म्हणतो. कॅमेरा मात्र पाडव्यापर्यंत थांबून घेणार आहे. तोंवर दर रविवारीं माझें भिंग त्याच्या खांद्यावर असतें, आणि मी त्याची नवी दुर्बीण गळ्यांत घालून मागून चालतों.